अपग्रेडनंतर माऊसची बटणं रुसली? क्लिक नेमकी कुठे अडते ते आधी बघा

पॉइंटर फिरतोय, डावं बटण चालतंय, पण अंगठ्याजवळचं बटण दाबलं की ढिम्म. नाहीतर भलतंच काहीतरी: मागच्या पानावर जायला जावं आणि कॉपी केलेला मजकूर तिथेच चिकटावा. रात्री ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली, सकाळी हात सवयीने जिथे गेला तिथलं बटण मेलेलं. माझ्या चार बटणांच्या ट्रॅकबॉलवर, म्हणजे चेंडू फिरवून पॉइंटर हलवायच्या माऊसवर, हा प्रकार आजवर तीनदा झाला. लक्षण तिन्ही वेळा तेच, कारण दर खेपेला वेगळं. त्यामुळे मागच्या वेळी जपून ठेवलेला उपाय पुढच्या वेळी कधीच चालला नाही, आणि प्रत्येक वेळी एक अख्खी संध्याकाळ गेली.

चौथ्यांदा अपग्रेड केलं तेव्हा काहीच बिघडलं नाही. का बिघडलं नाही, ते खाली लिहितो. बराचसा भाग लिनक्सचा आहे, कारण मी तेच वापरतो. विंडोज आणि मॅकबद्दल पुढे थोडं आहे. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

एकाच बटणाचे तीन नंबर

हे कळलं नाही तर पुढचं सगळं अंधारात चालल्यासारखं होतं, म्हणून जरा इथे थांबतो.

माऊसच्या आतली चिप बटणांना सरळ क्रमाने मोजते: पहिलं डावं, दुसरं उजवं, तिसरं मधलं, चौथं-पाचवं बाजूचं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, या क्रमांकांना आपली नावं देतो: बीटीएन लेफ्ट म्हणजे २७२, राइट २७३, मिडल २७४, साइड २७५, एक्स्ट्रा २७६. त्याच्या वर एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था, थोडक्यात एक्स. ती १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ सालची. त्या काळी युनिक्स वर्कस्टेशनच्या माऊसला तीन बटणं असत. ती डावीकडून उजवीकडे मोजली, म्हणून डावं १, मधलं २, उजवं ३. पुढे चाक आलं. चाकासाठी वेगळी सोय नव्हती, तेव्हा ते वर फिरवणं म्हणजे ४ नंबरचं बटण आणि खाली फिरवणं म्हणजे ५, असं ठरलं. आडव्या स्क्रोलला ६ आणि ७ गेले. बाजूच्या बटणांच्या वाट्याला राहिले ८ आणि ९.

म्हणजे उजवं बटण चिपसाठी २, कर्नलसाठी २७३ आणि एक्ससाठी ३. कुठल्या तरी जुन्या उत्तरात 'बटण २ बदला' असं लिहिलेलं असतं, आपण ते करतो, आणि भलतंच बटण बदलतं. चूक उत्तराची नसते. ते कुठल्या मजल्यावरच्या नंबराबद्दल बोलतंय हे लिहिलेलं नसतं, एवढंच.

अपग्रेडमध्ये चिपच्या वरचा एखादा मजलाच बदलला जातो. माऊस तोच, चिप तीच, पण मधला दुभाषा नवा येतो आणि जुन्या दुभाष्याला दिलेल्या सूचना त्याला माहीत नसतात.

क्लिक कुठपर्यंत पोचते?

कुठलीही फाइल बदलण्याआधी ही तपासणी करा. पाच मिनिटांचं काम आहे. मी पहिल्या दोन वेळा हे न करता थेट सेटिंग उपसत बसलो होतो.

सगळ्यात खालून सुरुवात करायची. ईव्हीटेस्ट नावाचं छोटं पॅकेज बसवा आणि ते सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवा. सगळ्या इनपुट उपकरणांची यादी येते, त्यातला आपला माऊस निवडा आणि रुसलेलं बटण एकदा दाबा. चांगल्या बटणावर दोन ओळी उमटतात. एका ओळीत एमएससी स्कॅन आणि पुढे ९०००४ यासारखा आकडा, दुसऱ्या ओळीत कोड २७५ आणि बीटीएन साइड, शेवटी व्हॅल्यू १. बोट उचललं की तेच परत, व्हॅल्यू ०. त्या ९०००४ मधला शेवटचा ४ हा चिपने दिलेला नंबर, आणि २७५ हा कर्नलचा. दोन मजले एकाच दाबात समोर दिसतात. हे दोन्ही आकडे कागदावर उतरवून ठेवा, पुढे लागणार आहेत.

इथे काही उमटलंच नाही तर तीन शक्यता. एक, यादीत माऊस दोनदा असेल. जास्त बटणांचे बरेच माऊस स्वतःला एकदा माऊस आणि एकदा कीबोर्ड म्हणून नोंदवतात आणि जादा बटणं कीबोर्डच्या वाटेने पाठवतात, तेव्हा दुसरी नोंद निवडून बघा. दोन, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने माऊस ताब्यात घेतलेला असेल. ईव्हीटेस्ट तसं स्पष्ट सांगतो: हे उपकरण दुसऱ्या प्रोसेसने पकडलंय, तोवर मला काही दिसणार नाही. बटणं बदलून देणारी इनपुट रीमॅपरसारखी साधनं असंच करतात. ती बंद करून पुन्हा दाबा. तीन, खरोखरच खालून काही येत नाहीये. मग माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही बटण मेलेलं असेल तर अपग्रेडला दोष देऊ नका. आतला मायक्रोस्विच गेलाय, आणि ते कळण्याचा मुहूर्त नेमका अपग्रेडचा निघाला. दुसरीकडे चालत असेल तर मशीन पुन्हा सुरू करताना ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधी येणाऱ्या, मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. जुन्या कर्नलवर बटण चाललं तर गाठ नव्या कर्नलमध्ये आहे.

ईव्हीटेस्टमध्ये बटण ठणठणीत दिसलं, आणि दहापैकी नऊ वेळा तसंच दिसतं, तर एक मजला वर चढायचं. हा मजला लिबइनपुटचा, कर्नलकडून आलेल्या क्लिक डेस्कटॉपला समजावून देणाऱ्या लायब्ररीचा. लिबइनपुट टूल्स हे पॅकेज घ्या आणि लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स ही कमांड सुडोने चालवा. बटणाचं नाव आणि दाबलं-सोडलं अशा ओळी दिसल्या तर इथपर्यंतही सगळं ठीक. मग वरचा मजला: एक्सवर असाल तर एक्सईव्ही, वेलँडवर, म्हणजे एक्सची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, असाल तर डब्ल्यूईव्ही. एक पांढरी खिडकी उघडते, तिच्यावर माऊस नेऊन बटण दाबायचं आणि टर्मिनलमध्ये कुठला नंबर येतो ते पाहायचं. तिथेही बरोबर नंबर येत असेल तर बिघाड ब्राउझर किंवा त्या एका अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आहे. मधल्या बटणाने पेस्ट होणं थांबलं असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं. जीनोम या डेस्कटॉपमध्ये त्याचा वेगळा स्विच आहे, तो ट्वीक्स या अ‍ॅपमध्ये सापडतो.

माझे तीन अपघात

पहिल्या वेळी माझी सगळी मदार एक्समॉडमॅपवर, एक्समध्ये बटणांचे नंबर बदलणाऱ्या कमांडवर, होती. लॉगिनच्या वेळी चालणारी एक ओळ, तिच्यात पॉइंटर आणि पुढे बटणांचे नंबर माझ्या सोयीच्या क्रमाने. अपग्रेडनंतर डेस्कटॉपने ती फाइल वाचणंच सोडून दिलं होतं. ओळ बरोबर होती, तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. तीच कमांड हाताने चालवली आणि बटणं जागी आली. पण माऊसची वायर काढून पुन्हा लावली की परत मूळपदावर. एक्सइनपुट या तशाच दुसऱ्या कमांडच्या सेट-बटन-मॅपचंही तेच रडगाणं आहे. तो हुकूम फक्त त्या क्षणी जोडलेल्या उपकरणाला लागू होतो. उपकरण गेलं की हुकूमही गेला.

दुसरी खेप जास्त शिकवणारी. ट्रॅकबॉलचं वरचं उजवं बटण दाबून धरायचं आणि चेंडू फिरवायचा, की पान सरकतं, अशी माझी मांडणी होती. हे काम एक्सच्या ईव्हीडेव्ह ड्रायव्हरमधला 'इम्युलेट व्हील' हा पर्याय करायचा. अपग्रेडमध्ये ईव्हीडेव्हची जागा लिबइनपुटने घेतली. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने हा बदल २२व्या आवृत्तीत, २०१५ साली केला आणि डेबियनने ९व्या आवृत्तीत, २०१७ साली. लिबइनपुटला 'इम्युलेट व्हील' हा शब्दच माहीत नाही. त्याच्याकडे तीच सोय 'स्क्रोल मेथड' बटण आणि 'स्क्रोल बटन' ८ अशा नावांनी आहे. माझी जुनी फाइल जागच्या जागी होती, एकही चूक दाखवली जात नव्हती, आणि तरी तिच्यातलं काहीच लागू होत नव्हतं. अनोळखी पर्याय दिसला की ड्रायव्हर गुपचूप पुढे जातो. तक्रार केलीच तर एक्सच्या लॉगमध्ये एका कोपऱ्यात.

आपल्याकडे कुठला ड्रायव्हर आहे हे ओळखायला एक्सइनपुट लिस्ट-प्रॉप्स चालवून माऊसचा क्रमांक द्या. गुणधर्मांच्या नावांची सुरुवात 'लिबइनपुट' अशी असेल तर नवा, 'ईव्हीडेव्ह' अशी असेल तर जुना. जुना ड्रायव्हर परत बसवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. एक्सवर तो चालतोही. मला तो पटत नाही, कारण पुढच्या अपग्रेडला तुम्ही परत इथेच येऊन बसणार आहात.

तिसऱ्या वेळी एक्सच गेला. लॉगिन स्क्रीन तीच, डेस्कटॉप तसाच, पण खाली वेलँड. मी एक्सइनपुटची कमांड चालवली. एरर आली नाही, परिणामही झाला नाही. दोनदा, तीनदा, सुडो लावून. मग यादी नीट वाचली, तर माझ्या ट्रॅकबॉलचं नावच तिथे नव्हतं. त्याच्या जागी 'एक्सवेलँड-पॉइंटर' आणि पुढे एक नंबर. म्हणजे मी खऱ्या माऊसशी बोलतच नव्हतो. जुनी अ‍ॅप चालावीत म्हणून वेलँडने उभा केलेला एक पुतळा होता, त्याच्याशी बोलत होतो. वेलँडमध्ये माऊसची सूत्रं कंपोझिटरच्या हातात असतात, म्हणजे जीनोम, केडीई किंवा जो काही डेस्कटॉप तुम्ही वापरता त्याच्या. एक्समॉडमॅप, एक्सइनपुट, एक्सबाइंडकीज यांचा तिथे शिरकाव नाही.

आपण कुठे आहोत हे एका ओळीत कळतं: इको, आणि पुढे डॉलरच्या चिन्हासह एक्सडीजी सेशन टाइप हे शब्द कॅपिटल अक्षरांत अंडरस्कोअरने जोडून. उत्तर वेलँड किंवा एक्स११. फेडोराने वर्कस्टेशनवर वेलँड आधी लावला तो २५व्या आवृत्तीत, २०१६ साली. डेबियनच्या जीनोमवर तो १०व्या आवृत्तीत, २०१९ साली आला. उबुंटूने १७.१० मध्ये आणला, १८.०४ मध्ये परत एक्सवर गेले आणि २१.०४ पासून पुन्हा वेलँड. ज्यांनी दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून तशाच दुसऱ्या आवृत्तीवर उडी मारली, त्यांना हा बदल झाल्याचं कोणी सांगितलेलंही नसतं. लॉगिन स्क्रीनवरच्या दातेरी चाकावर क्लिक करून एक्स निवडायची पळवाट बऱ्याच ठिकाणी अजून आहे, पण ती बुजत चालली आहे. उबुंटू २५.१० मध्ये जीनोमचं एक्स सेशन काढूनच टाकलंय.

दुरुस्ती तळमजल्यावर करा

तीन वेळा हात पोळल्यावर मी उलटा विचार केला. अपग्रेडमध्ये वरचे मजले बदलतात. ड्रायव्हर बदलतो, डेस्कटॉप बदलतो, एक्स जाऊन वेलँड येतो. चिपने दिलेला ९०००४ मात्र तोच राहतो. मग बदल तिथेच, कर्नल त्या आकड्याला नाव देतो त्याच जागी केला तर? त्यासाठीची सोय युदेवमध्ये, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागात, कधीपासून आहे. तिचं नाव एचडब्ल्यूडीबी, म्हणजे हार्डवेअरची नोंदवही. मुळात ती लॅपटॉपच्या विचित्र कळांसाठी वापरतात, माऊसची बटणंही तिच्यात बसतात.

ईटीसी फोल्डरात युदेव, त्यात एचडब्ल्यूडीबी डॉट डी. तिथे ९० ने सुरू होणाऱ्या आणि डॉट एचडब्ल्यूडीबीने संपणाऱ्या नावाची नवी फाइल करायची. आत दोनच गोष्टी. पहिल्या ओळीत उपकरणाची ओळख: ईव्हीडेव्ह, कोलन (:), इनपुट, कोलन, मग बी आणि ०००३, मग व्ही आणि कंपनीचा चार अक्षरी कोड, मग पी आणि मॉडेलचा चार अक्षरी कोड, शेवटी तारा. हे सगळं सलग, मध्ये जागा न सोडता. दोन्ही कोड एलएसयूएसबी ही कमांड देते. त्याखालच्या प्रत्येक ओळीत एक बदल: कीबोर्ड आणि की हे शब्द कॅपिटलमध्ये अंडरस्कोअरने जोडून, पुन्हा अंडरस्कोअर, ईव्हीटेस्टमध्ये दिसलेला स्कॅनचा आकडा, बरोबरचं चिन्ह आणि हवं ते नाव छोट्या अक्षरांत.

मला वरचं उजवं बटण मधल्या क्लिकसाठी हवं होतं आणि वरचं डावं 'मागे' जाण्यासाठी. म्हणून ९०००४ ला बीटीएन मिडल आणि ९०००३ ला बीटीएन साइड. एवढंच. मग सुडोने सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि त्यानंतर युदेवअ‍ॅडम ट्रिगर. दुसऱ्या कमांडने काही झालं नाही तर वायर काढून परत लावा.

पहिल्या प्रयत्नात माझं काहीच झालं नाही. अर्धा तास गेला आणि निघालं काय, तर बदलाच्या ओळी एका स्पेसने सुरू व्हाव्या लागतात. ती एक मोकळी जागा नसेल तर ती ओळ बदलाची म्हणून धरलीच जात नाही. दुसरा खड्डा कोडचा. एलएसयूएसबी कोड छोट्या अक्षरांत छापतं, नोंदवहीला तेच कोड कॅपिटलमध्ये लागतात. ए ते एफ यातलं एखादं अक्षर कोडमध्ये असेल आणि ते जसंच्या तसं चिकटवलं, तर जुळणी होत नाही आणि कोणी काही बोलतही नाही. तिसरा खड्डा ब्लूटूथवाल्यांसाठी: ०००३ म्हणजे यूएसबी, ब्लूटूथसाठी ०००५ लागतं. तोच माऊस कधी वायरने, कधी ब्लूटूथने वापरत असाल तर दोन नोंदी करा. मॉडेलचा कोडही दोन्हीकडे वेगळा असू शकतो.

बदल लागू झाला की ईव्हीटेस्ट पुन्हा चालवा. स्कॅनचा आकडा तोच, ९०००४, पण खालच्या ओळीत २७५ च्या जागी २७४. वरच्या कोणत्याही मजल्याला आता यात काही बदललंय याचा पत्ता नाही. त्यांच्या लेखी हा माऊस कारखान्यातूनच असा आलाय. एक्स, वेलँड, अगदी नुसतं काळं कन्सोलसुद्धा.

ईटीसीमध्ये आपण केलेली फाइल अपग्रेड पुसत नाही. यूएसआर लिबमधल्या तशाच नावाच्या फोल्डरात मात्र चुकूनही हात घालू नका, तिथलं सगळं पॅकेजबरोबर बदललं जातं.

या नोंदवहीच्या मर्यादा आहेत. ती एका बटणाला दुसरं नाव देते, बस. दाबून धरल्यावर स्क्रोल, दोन बटणं मिळून तिसरं, अ‍ॅपप्रमाणे वेगळं काम, यातलं काही तिला येत नाही. धरून-स्क्रोलसाठी मला जीनोमच्या जीसेटिंग्जमध्ये, म्हणजे कमांडने बदलायच्या सेटिंगमध्ये, जावंच लागलं: डेस्कटॉप, पेरिफेरल्स, ट्रॅकबॉल, आणि तिथे 'स्क्रोल-व्हील-इम्युलेशन-बटन'. त्यात एक्सच्या पद्धतीचा नंबर घालायचा. आणि नोंदवहीत बटणं बदलली असतील तर बदलल्यानंतरचा. माझ्या बाबतीत ८ म्हणजे आता वरचं डावं. हे विसरून मी एक दिवस चुकीचं बटण धरून चेंडू फिरवत होतो. केडीई वापरणाऱ्यांना बाजूच्या बटणांची कामं प्लाझ्मा या केडीईच्या डेस्कटॉपच्या ५.२६ आवृत्तीपासून थेट माऊसच्या सेटिंगमध्ये बदलता येतात.

आणि हो, नोंदवही लागली की जुनी मलमपट्टी काढा. लॉगिनला चालणारी एक्समॉडमॅपची ओळ, एक्सच्या सेटिंगच्या, एक्सऑर्ग कॉन्फ डॉट डी, फोल्डरातली फाइल, कधीकाळी बसवलेलं एखादं रीमॅपर. एकावर एक दोन बदल बसले की काय गोंधळ होतो, तो मी काकूच्या लॅपटॉपवर पाहिला.

काकूचा डावखुरा माऊस

काकू डावखुरी. तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर डावं-उजवं बटण अदलाबदल करून दिलेलं होतं. मोठं अपडेट आलं आणि तिचा फोन आला.

"अरे, हा माऊस परत उजव्यांचा झालाय."

मी फोनवरूनच सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस, प्रायमरी बटन असं करत 'राइट' निवडायला लावलं. झालं. चार दिवसांनी परत फोन.

"तू केलं होतंस ना? परत तसंच झालंय बघ. मी कशाला हात लावलेला नाही हं."

तिने खरंच लावला नव्हता. मूळची अदलाबदल विंडोजमध्ये केलेलीच नव्हती, ती माऊसबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होती. अपडेटनंतर ते सॉफ्टवेअर सुरू होईनासं झालं, म्हणून बटणं मूळपदावर गेली. मी विंडोजमध्ये बदल केला. चार दिवसांनी त्या सॉफ्टवेअरने स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेतली, ते जागं झालं, आणि त्याने आपली अदलाबदल पुन्हा लावली. उलट्याचं उलट झालं आणि काकूच्या हातात उजव्यांचा माऊस आला. विंडोजमधला बदल ठेवला आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. साध्या माऊसला त्याची गरज नसते.

"मग ते इतकी वर्षं करत काय होतं?" काकूने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

विंडोजवर आणखी दोन गोष्टी बघण्यासारख्या. बटणं अपडेटनंतर लगेच अडली असतील तर 'शट डाउन' करून चालू करू नका, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शट डाउनमध्ये कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतात. अडकलेला ड्रायव्हर त्यात अडकलेलाच राहतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने भरतं. दुसरी, काही मिनिटं माऊस हलवला नाही की पहिली क्लिक वाया जाते, असं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा लागलेली मी पाहिली आहे.

मॅकवर बटणं बदलून देणारं अ‍ॅप अपग्रेडनंतर मुकं झालं असेल तर आधी प्रायव्हसीमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग या दोन याद्या बघा. दुसरी यादी कॅटलिनापासून, म्हणजे २०१९ पासून आहे. अ‍ॅपसमोरची खूण दिसत असली तरी एकदा काढून परत लावा. नुसत्या दिसणाऱ्या खुणेवर विसंबू नका.

यातलं काहीच नसेल तर

पॉइंटर फिरतो, पण कुठलंच बटण कुठेच चालत नाही, कीबोर्ड मात्र ठीक, असं लक्षण असेल तर वाटा वेगळ्या. एक्सवर एखादा अर्धवट उघडलेला मेनू सगळ्या क्लिक गिळत बसतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून कन्सोलवर जा, मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२ ने परत या. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

तेवढ्याने सुटलं नाही, तर दुसरं कुठलंतरी बटण दाबलेलंच राहिलंय का ते बघा. हे मला एकदा तासभर छळून गेलं. लिबइनपुट डीबग-इव्हेंट्समध्ये माझ्या ट्रॅकबॉलच्या क्लिक व्यवस्थित दिसत होत्या, पण डेस्कटॉपवर काहीच घडत नव्हतं. मग यादीत आणखी एक माऊस दिसला. जुना वायरलेस, महिनोन् महिने न वापरलेला, पण त्याचा रिसीव्हर मागच्या पोर्टमध्ये तसाच. अपग्रेड चाललं असताना वेळ होता म्हणून मी टेबल आवरलं होतं, आणि तो माऊस एका जाड शब्दकोशाखाली गेला होता. डावं बटण दाबलेलं. सगळ्या माऊसचा पॉइंटर एकच, त्यामुळे सिस्टिमच्या मते मी तासभर काहीतरी धरून ओढत होतो. शब्दकोश उचलला, सगळी बटणं जिवंत.

आणि जुन्या कर्नलवर बटण चालतं, नव्यावर नाही, असं नक्की झालं असेल तर हा बग कर्नलवाल्यांपर्यंत पोचवायला हवा. तोपर्यंत ग्रबमधून जुना कर्नल चालवा आणि तो आपोआप काढला जाणार नाही एवढं बघा. बग लिहिताना चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन्ही कर्नलची पूर्ण आवृत्ती द्या, एलएसयूएसबीमधले दोन कोड द्या, आणि एचआयडी टूल्समधला एचआयडी-रेकॉर्डर चालवून ते बटण तीनदा दाबल्याची नोंद जोडा. चिप काय बोलते ते त्यात अक्षरशः उतरलेलं असतं. 'माऊस चालत नाही' एवढंच लिहिलं तर पहिलं उत्तर येईल ते हीच नोंद मागणारं.